सिलिकॉन ट्रॅकर: कण दिसत नाहीत, ठिपके दिसतात

मागच्या दिवाळीत मामांकडे फराळाला गेलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रे, ते जिनिव्हाजवळचं मशीन, त्यातला तो डिटेक्टर म्हणजे मोठा कॅमेराच ना?" मी घाईत हो म्हणालो, कारण पेपरात पण तसंच लिहितात, कोट्यवधी पिक्सेलचा कॅमेरा वगैरे. पण मी काही वर्षं सिलिकॉन सेन्सर टेस्ट करायचं काम केलंय आणि ते 'हो' माझ्या मनातून जाईना. निघताना दारात मामी रांगोळी काढत होत्या, ठिपक्यांच्या कागदाने ठिपके पाडून झाले होते, आता रेघा जोडणं चाललं होतं, आणि तिथे उभं राहून मला वाटलं की अरे, उत्तर तर हे आहे. तर मामा, हे तुमच्यासाठी, जरा सविस्तर.

आधी जागा सांगतो. फ्रान्समधे सेसी नावाचं गाव आहे, त्याच्याखाली साधारण 100 मीटरवर सीएमएस नावाचा प्रयोग आहे. मामांचं ते मशीन म्हणजे एलएचसी, प्रोटॉन एकमेकांवर आपटणारं यंत्र, त्याचा 27 किलोमीटरचा बोगदा तिथून जातो. दोन्ही बाजूंनी प्रोटॉनचे बंच, म्हणजे झुबके, येतात, दर 25 नॅनोसेकंदाला एकमेकांतून आरपार जातात, म्हणजे सेकंदाला 4 कोटी वेळा, आणि अशा प्रत्येक वेळी हल्ली 50-60 प्रोटॉनच्या जोड्या आपटतात. 25 नॅनोसेकंद म्हणजे किती तर तेवढ्यात प्रकाश फक्त साडेसात मीटर जातो. सीएमएस स्वतः 21 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे, त्यामुळे एका टक्करीतून निघालेले कण अजून डिटेक्टरच्या बाहेर पण पडलेले नसतात आणि मधे पुढची टक्कर झालेली असते. कामाची घाई एवढ्यावरून कळेल.

या 14 हजार टनांच्या धुडाच्या अगदी पोटात, प्रोटॉनच्या पाइपला बिलगून, कणांचा माग काढणारा ट्रॅकर बसवलाय. साधारण अडीच मीटर व्यासाचं आणि साडेपाच मीटर लांब नळकांडं समजा. त्यात एकात एक थर, कांद्यासारखे, आणि दोन्ही टोकांना चकत्या. आतले थर पिक्सेलचे, बाहेरचे पट्ट्यांचे, ज्याला स्ट्रिप म्हणतात. स्ट्रिपवाल्या भागात 15 हजारांवर मॉड्यूल (सेन्सर आणि त्याच्या चिप मिळून एक मॉड्यूल), 93 लाख पट्ट्या आणि जवळजवळ 200 चौरस मीटर सिलिकॉन आहे. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर 2,150 स्क्वेअर फूट, चार-पाच वन बीएचके भरतील एवढं, आणि सगळं कागदाच्या तीन-पाच पानांइतकं पातळ.

आता कॅमेरा का नाही ते. कॅमेऱ्यात वस्तूवरून आलेला प्रकाश लेन्समधून एका पडद्यावर पडतो आणि चित्र उमटतं. इथे लेन्स नाही, चित्र नाही, आणि जे बघायचंय ते लांब उभं पण नाही. कण स्वतः सेन्सरला भोक न पाडता भेदून जातो, पहिला थर, दुसरा थर, तिसरा, असं करत दहापेक्षा जास्त थरांतून बाहेर निघून जातो, आणि प्रत्येक थर फक्त एवढंच सांगतो की "इथून काहीतरी गेलं". एक ठिपका. कोण गेलं, कुठून आलं, किती जोरात गेलं, यातलं एका ठिपक्याला काहीही माहीत नसतं. ती सगळी माहिती ठिपके जोडल्यावर येते आणि ती रेघ आपण ओढायची असते. मामींना निदान माहीत असतं की मोर काढायचाय की कमळ. इथे एकाच उंबऱ्यावर 50-60 रांगोळ्यांचे ठिपके एकावर एक पडलेत, काही ठिपके गायब आहेत, काही फुकटचे जास्तीचे आहेत, आणि कुठला ठिपका कोणत्या रांगोळीचा हे कुणी सांगितलेलं नाही.

एक ठिपका कसा तयार होतो हे मला सगळ्यात आवडतं म्हणून तिथे जरा थांबतो. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी बांधलेले असतात. विद्युतभार असलेला कण आतून जाताना वाटेतल्या काही इलेक्ट्रॉनना धक्का मारून मोकळं करतो. एक मोकळा करायला सरासरी 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच ऊर्जा लागते, जी गॅसवाल्या डिटेक्टरपेक्षा कितीतरी कमी आहे, आणि सिलिकॉन वापरण्याचं एक मोठं कारण हेच. वेगवान कण गेला की दर मायक्रॉनला, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला, साधारण 70-80 इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन सुटला की त्याच्या जागी रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात, आणि ती पण चालते. एसटीत पुढची सीट रिकामी झाली की मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो, आणि लांबून बघणाऱ्याला रिकामी सीटच मागेमागे चाललीये असं दिसतं, होलचं चालणं म्हणजे तेच.

तर 0.3 मिलिमीटर जाडीतून कण गेला की साधारण 22 हजार इलेक्ट्रॉन आणि तेवढीच होल. ऐकायला बरेच वाटतात, पण अडचण इथे सुरू होते. 1 चौरस सेंटिमीटरचा तेवढ्याच जाडीचा शुद्ध सिलिकॉनचा तुकडा नुसता टेबलावर ठेवला तरी खोलीच्या उबेनेच त्यात 45 कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. 45 कोटींत 22 हजार म्हणजे साडेचार लाख वारकऱ्यांच्या गर्दीत 22 जणांची दिंडी शोधायची, आणि ती पण 25 नॅनोसेकंदात. होणारच नाही. मग उपाय काय, तर शोधत बसायचंच नाही, आधी मैदानच रिकामं करायचं.

ते डायोडने होतं. सिलिकॉनच्या एका बाजूला एक भेसळ, दुसऱ्या बाजूला दुसरी, म्हणजे पी आणि एन, झाला डायोड, आपल्या मोबाईलच्या चार्जरमधे असतो त्याच जातीचा. फक्त तो उलटा जोडायचा, रिव्हर्स बायस. उलट्या दिशेने व्होल्टेज वाढवत गेलं की मधले मोकळे इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि होल दुसऱ्या बाजूला ओढले जातात आणि मधला भाग रिकामा होतो. सीएमएसच्या स्ट्रिपवर साधारण 300 व्होल्ट लावतात. आकडा छोटा वाटेल, पण ते व्होल्टेज पाव-अर्ध्या मिलिमीटरवर आहे, म्हणजे पातळ सेन्सरमधे दर सेंटिमीटरला 10 हजार व्होल्टच्या घरात. अशा रिकाम्या मैदानात कण आला आणि त्याने 22 हजार इलेक्ट्रॉन सोडले की ते लगेच एका दिशेला पळतात, होल दुसऱ्या दिशेला, आणि 10-20 नॅनोसेकंदात काम तमाम. अजून एक गंमत म्हणजे सिग्नल हा इलेक्ट्रॉन काठावर पोचल्यावर येत नाही, ते हलायला लागले की त्याच क्षणी पट्टीवर करंट उमटायला लागतो. बऱ्याच जणांना, शिकलेल्यांना पण, हे उलट वाटतं.

सगळा चार्ज मिळून साडेतीन फेमटोकुलोंब. फेमटो म्हणजे दशांश चिन्हानंतर चौदा शून्यं आणि मग एक. एवढुसा सिग्नल ओळखायचा म्हणजे चिप सेन्सरला खेटूनच पाहिजे. स्ट्रिप सेन्सरमधे प्रत्येक पट्टीवरून 25 मायक्रॉन जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार चिपपर्यंत टाकतात, केसाच्या निम्म्याहून कमी जाड, आणि ती सोल्डर नाही करत, अल्ट्रासाउंडने थरथरवून दाबून चिकटवतात. वायर बाँडिंग. ते मशीन चालू असताना एक बारीक टकटक येते आणि मायक्रोस्कोपखाली तारांच्या कमानी ओळीने उभ्या राहताना दिसतात, तासन्‌तास बघत बसलो तरी मला कंटाळा यायचा नाही. एका चिपला 128 तारा. एक सुटली की एक पट्टी आंधळी, आणि एकदा मॉड्यूल आत गेलं की ती तार लावायला कुणी जाऊ शकत नाही.

कॅमेऱ्याशी खरं नातं कुठे आहे ते पण सांगतो, मामांचं अगदीच चुकलं नव्हतं. उलटा जोडलेला सिलिकॉनचा डायोड प्रकाश पण ओळखतो, फोनच्या कॅमेऱ्यात आणि गच्चीवरच्या सोलर पॅनलमधे सिलिकॉन तेच काम करतं. पण आमच्यासाठी तो त्रास. सेन्सर टेस्ट करताना काळ्या पेटीत ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं, आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत किती करंट गळतोय ते लिहीत जायचं. झाकणाला बारीकशी फट राहिली तरी करंट उडी मारायचा आणि चांगला सेन्सर खराब वाटायचा. म्हणजे कॅमेऱ्याला जे हवं असतं तेच आम्ही झाकून ठेवायचो.

पिक्सेलमधे पट्ट्यांऐवजी बारीक आयत असतात. सीएमएसच्या सध्याच्या पिक्सेल डिटेक्टरमधे, जो 2017 च्या सुरुवातीला बसवला, एक पिक्सेल 100 बाय 150 मायक्रॉनचा आहे आणि असे 12 कोटी 40 लाख. प्रत्येक पिक्सेलला तार लावणं शक्यच नाही म्हणून चिप सेन्सरवर पालथी घालतात आणि प्रत्येक पिक्सेलखाली एक सूक्ष्म धातूचा गोळा असतो, तो दोघांना जोडतो. मग सगळाच ट्रॅकर पिक्सेलचा का नाही करत? पैसा आहेच, पण वीज, उष्णता आणि केबल हे जास्त मोठं कारण. पाइपजवळ कणांची दाटी भयानक असते, तिथे पिक्सेलला पर्याय नाही. लांब गेल्यावर कण पांगतात, तिथे पट्ट्या पुरतात. पट्टी एकाच दिशेची जागा सांगते, म्हणून काही थरांत दोन सेन्सर पाठीला पाठ लावून, साधारण पावणेसहा अंश तिरपे बसवलेत, दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपका.

ठिपका किती अचूक? 100 मायक्रॉनची पट्टी असेल तर साधा हिशोब 29 मायक्रॉनची चूक देतो. पण चार्ज शेजारच्या पिक्सेलमधे पण थोडा सांडतो, आणि कुणाला किती मिळाला यावरून कण नक्की कुठून गेला हे अजून बारीक काढता येतं, 10 मायक्रॉनपर्यंत. यात चुंबक पण मदत करतो, कारण चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ न पळता तिरके पळतात आणि चार्ज दोन पिक्सेलमधे वाटला जातो. म्हणजे जे एरवी गळती वाटली असती त्यातूनच माहिती मिळते.

चुंबकाचं मुख्य काम मात्र वेगळं. सीएमएसचा चुंबक 3.8 टेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळजवळ एक लाख पट. त्यात विद्युतभारित कण वळतो आणि जितका जोर कमी तितकं वळण जास्त. 1 जीईव्हीचा, म्हणजे 1 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा, कण 88 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. 100 जीईव्हीच्या कणाची त्रिज्या 88 मीटर, म्हणजे 1 मीटरच्या प्रवासात तो सरळ रेषेपासून मधे फक्त 1.4 मिलिमीटर फुगतो. आणि 1000 जीईव्हीचा असेल तर 0.14 मिलिमीटर, केसाची जाडी त्याच्या निम्मी भरेल. त्या फुगवट्यावरून कणाचा संवेग काढायचा असतो, आणि डावीकडे वळला की उजवीकडे यावरून भार धन की ऋण. आता कळेल ठिपका मायक्रॉनमधे का मोजायचा, ठिपकेच अर्धा मिलिमीटर हलले असतील तर फुगवटा मोजणार काय.

आणि ठिपके हलतात, हा भाग फार कुणी सांगत नाही. चुंबक बंद-चालू झाला, तापमान खालीवर झालं की आतले भाग काही मायक्रॉन, कधी काही दशक मायक्रॉन सरकतात. आत जाऊन फूटपट्टी लावता येत नाही. मग मॉड्यूल नक्की कुठे आहे हे कणांच्या रेघांवरूनच काढतात. लाखो रेघा घ्यायच्या, त्या सगळ्या नीट गुळगुळीत बसाव्यात अशी प्रत्येक मॉड्यूलची जागा आणि कल एकाच वेळी सोडवायचा, दोनेक लाख अज्ञातं असलेलं गणित. प्रोटॉनच्या टक्करी सुरू व्हायच्या आधी, 2008 मधे, आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक म्यूऑनवर (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) हे सुरू केलं होतं, 100 मीटर दगड-माती भेदून खाली येणारे ते म्यूऑन फुकट मिळतात आणि वरून खाली आरपार जातात त्यामुळे वरचा आणि खालचा अर्धा भाग एकाच रेघेत बांधला जातो.

रेघ ओढायची पद्धत थोडक्यात. आतल्या पिक्सेल थरांतले दोन-तीन-चार ठिपके घ्यायचे जे एका वळणात बसतील, हे झालं बियाणं. त्यावरून अंदाज बांधायचा की पुढच्या थरावर कण साधारण कुठे असेल, किती चूक धरून. तिथल्या खिडकीत ठिपका मिळाला की अंदाज सुधारायचा, खिडकी लहान होते, पुढचा थर. नाही मिळाला तर एखादा थर सोडून पुढे बघायचं. याला काल्मन फिल्टर म्हणतात, चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या यानांची दिशा काढायला जे गणित वापरलं तेच. सोप्या, ठळक रेघा आधी काढायच्या, त्यांचे ठिपके बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांत अवघड रेघा शोधायच्या, असं फेऱ्याफेऱ्यांनी. सगळ्यात जास्त कॉम्प्युटरचा वेळ इथेच जातो आणि गर्दी दुप्पट झाली की वेळ दुप्पटीपेक्षा बराच जास्त वाढतो.

म्हणूनच सेकंदाच्या 4 कोटींपैकी सगळं बाहेर काढत नाहीत. स्ट्रिपची चिप प्रत्येक वेळचा सिग्नल चारेक मायक्रोसेकंद स्वतःकडे धरून ठेवते, तेवढ्यात डिटेक्टरचे बाकीचे भाग ठरवतात की हे ठेवायचं का, आणि सेकंदाला फार तर एक लाख वेळा हो येतं. बाकीचं पुसलं जातं, कायमचं.

आता एवढा आटापिटा पाइपच्या इतक्या जवळ का करायचा? पिक्सेलचा पहिला थर टक्करीच्या जागेपासून 3 सेंटिमीटरवर आहे. कारण आहे बी क्वार्क, क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण, आणि बी हा त्यातला एक जड प्रकार. बी क्वार्क असलेला कण सरासरी दीड पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) जगतो, पण तो प्रचंड वेगात असतो त्यामुळे मरायच्या आधी काही मिलिमीटर जातो. आणि त्याच्यातून निघालेल्या रेघा मागे ओढत नेल्या तर त्या मूळ टक्करीच्या बिंदूला मिळत नाहीत, जरा बाजूला दुसऱ्याच बिंदूला मिळतात. तो दुसरा बिंदू दिसला की ओळखायचं, इथे बी होता. हे समजायला मिलिमीटरच्या अंशाने मागे नेम धरावा लागतो आणि पहिला ठिपका जितका जवळ तितका नेम पक्का. हिग्ज बोसॉन 58 टक्के वेळा बी क्वार्कच्या जोडीतच मोडतो. 2012 मधे हिग्ज सापडला तो दुसऱ्या, स्वच्छ वाटांनी, आणि ही सगळ्यात जास्त वापरातली वाट पक्की दिसायला 2018 उजाडलं कारण बी क्वार्क बाकी कचऱ्यातून पण ढिगाने येतात. 1995 मधे अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेत टॉप क्वार्क, क्वार्कांमधला सगळ्यात जड, सापडला तेव्हा पण सीडीएफ प्रयोगात हा बाजूचा बिंदू शोधायचं काम सिलिकॉननेच केलं होतं.

या सगळ्याची सुरुवात फार लहान आहे. 1980 च्या सुमाराला म्युनिकच्या योझेफ केमर यांनी चिप बनवायच्या पद्धतीने, म्हणजे ऑक्साइडचा थर, फोटोने नक्षी, तशा पद्धतीने सेन्सर बनवून दाखवले, त्याआधी असे स्वच्छ, कमी गळणारे सेन्सर जमत नव्हते. मग सर्नच्या, म्हणजे एलएचसी जिथे आहे त्याच प्रयोगशाळेच्या, एनए11 प्रयोगात ते लावले, चार्म नावाचा क्वार्क असलेल्या कणांचं आयुष्य मोजायला. तो सेन्सर 24 बाय 36 मिलिमीटरचा, हाताच्या दोन बोटांवर मावेल, आणि त्याच्याभोवतीचं इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या कैक पट मोठं. तिथून 200 चौरस मीटर ही उडी चिपच्या कारखान्यांनी शक्य केली, आपण फोन आणि लॅपटॉप घेतो म्हणून स्वस्त झालेलं तंत्र.

यात आपला पण हात आहे. ट्रॅकरच्या बाहेर, दोन्ही टोकांना, सीएमएसमधे प्रीशॉवर नावाचा भाग आहे, त्यात पण सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत आणि त्यातले सुमारे 1000 सेन्सर भारतातून गेले, ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीने डिझाइन करून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधे बनवलेले. कुलाब्याचं टीआयएफआर आणि पुण्याचं आयसर या संशोधन संस्था पण सीएमएसमधे आहेत. हे मामांना माहीत नव्हतं. ट्रॉम्ब्याला त्यांच्या ओळखीचे इतके जण नोकरीला होते तरी माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ट्रॅकरमधलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तो असणं. रांगोळीचे ठिपके घालताना बोट लागून रेघ पुसू नये तसं, मोजताना कणाला धक्का लागता कामा नये. पण प्रत्येक थरात कण थोडा विचलित होतो, इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडतो, फोटॉनचं तर मधेच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत रूपांतर होतं. आणि यात दोष सिलिकॉनचा कमी आहे, ते बिचारं पाव-अर्धा मिलिमीटर. जास्त वजन केबल, थंड करायच्या नळ्या आणि आधाराच्या सांगाड्याचं. हजारो वॅट वीज आत न्यायची म्हणजे जाड तांबं, आणि ती उष्णता बाहेर आणायची म्हणजे नळ्या. म्हणून 2017 च्या पिक्सेलमधे कार्बन डायऑक्साइड वापरला, नळीच्या आत उकळत जातो आणि भरपूर उष्णता नेतो, त्यामुळे नळी अगदी बारीक चालते. ग्रॅम ग्रॅम वाचवायला लोकांनी वर्षं घातलीत.

आणि मग रेडिएशन. कण नुसते इलेक्ट्रॉन सोडवत नाहीत, कधीकधी सिलिकॉनचा अख्खा अणूच त्याच्या जागेवरून उडवतात. जाळीत खड्डा पडतो. असे खड्डे वाढले की अंधारात पण करंट गळतो, सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेत खड्ड्यात अडकतात, आणि मैदान रिकामं करायला जास्त व्होल्टेज लागतं. गळणारा करंट थंडीत कमी होतो, दर सातेक अंशांना निम्मा, म्हणून ट्रॅकर शून्याखाली ठेवतात आणि भोवती कोरडी हवा, नाहीतर दव धरेल. मशीन बंद असलं तरी फार काळ गरम होऊ द्यायचा नाही, कारण उबेत ते खड्डे जाळीत हिंडतात, सुरुवातीला काही भरून पण येतात पण जास्त दिवस उबेत राहिलं तर नुकसान वाढतं.

थंडीचा एक किस्सा मला फार शिकवून गेला. आधीच्या वर्षांत स्ट्रिप ट्रॅकर थोडा उबदार चालत होता, मग 2015 पासून उणे 15 च्या आसपास आणला. आणि टक्करींची गर्दी वाढली तसे ठिपके कमी व्हायला लागले. लोकांना वाटलं की मधूनच एखादा जड तुकडा चिपला दणका देत असेल, ते आधीपासून माहीत होतं. पण नीट खणल्यावर कळलं की चिपच्या पहिल्या टप्प्यात जमलेला चार्ज निचरून जायला थंडीत अंदाजापेक्षा जास्त वेळ लागत होता, पुढचा कण येईपर्यंत भांडं भरलेलंच, मग त्याचा सिग्नल बसणार कुठे. ऑगस्ट 2016 मधे चिपची एक व्होल्टेजची सेटिंग बदलली, निचरा वेगाने व्हायला लागला आणि ठिपके परत आले. म्हणजे जी थंडी सेन्सरला औषध होती तीच चिपला बाधली होती. 93 लाख पट्ट्यांच्या यंत्रात दुखणं एका आकड्यात होतं, आणि तो शोधून काढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

2017 ला नवीन पिक्सेल बसवला तेव्हा वेगळंच. आतल्या थरातली एक चिप कणाच्या धक्क्याने कधीकधी अडकायची आणि तिला रीसेट नव्हता, त्यामुळे वीज बंद करून परत चालू करायची, आपण राउटर करतो तसं. पण वीज देणाऱ्या छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमधे रेडिएशनमुळे एक ट्रान्झिस्टर गळायला लागला होता, आणि कन्व्हर्टर बंद अवस्थेत असताना ती गळती आत व्होल्टेज चढवत जायची. त्या वर्षी ऑक्टोबरपासून बंद-चालू केलं की काही कन्व्हर्टर मरायला लागले. हिवाळ्यात अख्खा पिक्सेल बाहेर काढून सगळे कन्व्हर्टर बदलले आणि पुढे त्यांना तसं बंद करणंच टाळलं.

पुढचा टप्पा अजून अवघड आहे. एलएचसीची नवी आवृत्ती येईल तेव्हा एका वेळी 140 ते 200 टक्करी, सगळ्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात. त्यासाठी सीएमएसचा ट्रॅकर पूर्ण नवीन होतोय. आतल्या भागात 200 कोटींच्या आसपास पिक्सेल, प्रत्येक 25 बाय 100 मायक्रॉन. पण मला जास्त भावतं ते बाहेरच्या भागातलं मॉड्यूल. त्यात दोन सेन्सर एकमेकांवर 2-4 मिलिमीटर अंतराने बसवलेत आणि दोघांचे ठिपके एकाच चिपला मिळतात. कण जोरात असेल तर तो जवळजवळ सरळ जाईल, दोन्ही ठिपके समोरासमोर. हळू असेल तर चुंबकात वळेल आणि दुसरा ठिपका बाजूला सरकलेला असेल. चिप तिथल्या तिथे बघते, सरकणं ठरलेल्या खिडकीपेक्षा जास्त असेल तर सोडून देते, आणि 2 जीईव्हीच्या वरचेच तेवढे पुढे पाठवते, तेही सेकंदाला 4 कोटी वेळा. आत्तापर्यंत ट्रॅकर फक्त विचारलं की सांगायचा, आता कुठली टक्कर ठेवायची हे ठरवण्यात त्याचं पण मत असेल. शिवाय टोकांच्या बाजूला असे सिलिकॉन सेन्सर येतायत जे वेळ 30-40 पिकोसेकंदात मोजतील. तेवढ्यात प्रकाश एक सेंटिमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे एकाच जागी पण जरा वेगवेगळ्या क्षणी झालेल्या दोन टक्करींच्या रेघा वेगळ्या काढता येतील. रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यावर तो कधी पडला ते लिहिलेलं असावं तसं.

जुना स्ट्रिप ट्रॅकर डिसेंबर 2007 मधे आत सरकवला होता. पिक्सेल मधे बदलला, पण पट्ट्या अजून त्याच आहेत, त्याच तारा, तीच 128 चॅनेलची चिप. एलएचसी दुरुस्तीसाठी लांबलचक बंद ठेवतात त्या काळात तो बाहेर निघेल, इतकी वर्षं कणांचा मारा खाऊन स्वतः किरणोत्सर्गी झालेला, त्यामुळे हात लावताना पण सावकाश, मोजूनमापून. मामा, तुम्ही तेव्हा परत विचाराल तर मी मामींचा ठिपक्यांचा कागद मागून घेईन, त्यातली निम्मी भोकं बुजवीन, आणि मग रांगोळी काढून दाखवा म्हणेन.